कथास्पर्धेत दुसरी आले, पण टाळ्या पडलेला शेवट माझा नव्हता

कातरवेळ · ३ मार्च, २१:१५

नमस्कार मंडळी. बऱ्याच वर्षांनी धागा काढतेय, सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात, २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनानिमित्त एका संस्थेच्या कथास्पर्धेचा बक्षीस समारंभ झाला. संस्थेचं नाव सांगत नाही. माणसं चांगली आहेत, मला कुणाची उणीदुणी काढायची नाहीत. स्पर्धा साधी होती. अडीच हजार शब्दांची मर्यादा, विषयाचं बंधन नाही, पहिल्या तीन कथांचं समारंभात जाहीर अभिवाचन. माझ्या कथेचा दुसरा क्रमांक आला. वाचायला एक व्यावसायिक नट बोलावले होते. आवाज असा की त्यांनी लोकलच्या उशिराची घोषणा केली तरी ऐकत बसावं.

कथा थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. अण्णा एसटीत कंडक्टर होते, आता ७८ वर्षांचे. दोन मुलांत घराची वाटणी चाललीय आणि अण्णा कुणाकडे किती महिने, हेही त्याच कागदावर लिहिलं जातंय. एका सकाळी अण्णा पिशवी घेऊन स्टँडवर जातात आणि समोर लागलेल्या गाडीत बसतात. तरुण कंडक्टर जवळ येऊन विचारतो, "बाबा, कुठचं देऊ?"

यानंतर माझ्या कथेत सात ओळी आहेत. अण्णा उजनी धरणात गेलेल्या आपल्या गावाचं नाव सांगतात, कंडक्टर गोंधळतो, मागच्या सीटवरचा एक म्हातारा हसतो. खरं सांगायचं तर या सात ओळींसाठीच मी ती कथा लिहिली होती.

संस्थेनं कागद वाचवायला कथा पाठपोट छापली होती. सात ओळी शेवटच्या पानाच्या मागे. नटांनी "बाबा, कुठचं देऊ?" म्हटलं, एक श्वास थांबले आणि कागद खाली ठेवले.

सभागृह दोन-तीन सेकंद गप्प. मग टाळ्या. मी पहिल्या रांगेत बसून 'अहो, पान उलटा' असं मनातल्या मनात ओरडत होते. नंतर परीक्षकांपैकी एकांनी भाषणात 'शेवट उघडा सोडण्याचं धाडस' असा उल्लेख केला. (त्यांनी कथा कागदावर वाचली होती ना? ते जाऊ दे.) जेवणाच्या वेळी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोन नंबर घेतला आणि हीच कथा पाठवा म्हणाले. 'हीच' म्हणजे कुठली, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

तर प्रश्न असे. अंकाला कुठला शेवट पाठवू? विजेत्या कथा नटानं वाचाव्यात की लेखकानं? आणि आमच्या वाचनालयाला या पावसाळ्यात अशीच स्पर्धा घ्यायचीय, समितीत माझं नाव घातलंय. नियमांत काय काय लिहू?

खारीबिस्किट · ३ मार्च, २१:३८

पाठपोट छपाईनं मराठी साहित्याला दिलेली ही पहिली देणगी असावी. पॉपकॉर्न घेऊन बसलेय.

तिसरी घंटा · ३ मार्च, २२:४०

नटाची बाजू मांडतो, कारण हे पाप माझ्याही हातून झालंय. माझं तर दोन पानं एकदम उलटली होती आणि मेलेली आजी पुढच्या परिच्छेदात चहा करत होती.

अशा कार्यक्रमांत नटाला कथा कधी मिळते? दुपारी व्हॉट्सॲपवर पीडीएफ, संध्याकाळी साडेपाचला हातात छापील कागद. तीन कथा, मिळून पंचवीस पानं. मानधन म्हणून शाल आणि पुष्पगुच्छ. तालीम शून्य. एकांकिकेला आपण महिनाभर घासतो आणि कथा मात्र 'तुम्ही काय, सहज वाचाल' म्हणून हातात देतो. सहज वाचता येते, तिथंच घात होतो.

कातरवेळ, तुमच्या समितीसाठी माझ्याकडून एवढं घ्या. एकाच बाजूला छापा. अक्षर सोळा पॉइंटच्या खाली नको, ओळींत भरपूर जागा. वाक्य पानाच्या तळाशी तुटू देऊ नका, परिच्छेद संपला की पान संपू दे, खाली निम्मं पान कोरं राहिलं तरी चालेल. स्टेपल मारू नका, सुटी पानं सरकवता आली पाहिजेत, उलटायची वेळच येऊ नये. प्रत्येक पानावर 'पैकी' घाला, म्हणजे नुसतं ७ नको, '९ पैकी ७'. तुमच्या नटाच्या कागदावर हे 'पैकी' असतं तर हा धागा निघाला नसता. आणि शेवटच्या ओळीखाली ठळक अक्षरात 'समाप्त'. शाळकरी वाटेल, वाटू दे.

बासरी वाजवली होती का मागे?

कातरवेळ · ३ मार्च, २२:५२

सिंथेसायझर होता. वाटणीच्या प्रसंगाला पावसाचा आवाज दिला. कथेत मे महिना आहे.

तिसरी घंटा · ३ मार्च, २२:५५

नियमात लिहा, आवाज फक्त माणसाचा.

जुनी चाळ · ४ मार्च, ०७:१०

आमच्या पिढीला हा प्रश्नच पडला नव्हता, कारण लिहिणारा आणि सांगणारा एकच असे. १९६० नंतरच्या त्या वर्षांत शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगाव कथाकथनं केली. मी लहानपणी गणेशोत्सवाच्या मांडवात सतरंजीवर बसून मिरासदारांना ऐकलंय. पुढं वपुंच्या कॅसेट आल्या, त्या शेजारच्यांच्या टेपरेकॉर्डरवर इतक्या वाजल्या की कुठं खोकला येतो तेही पाठ.

पण त्याला 'अभिवाचन' म्हणत नसत, 'कथाकथन' म्हणत, आणि दोन्हीत फरक आहे. कथाकथनाला माणूस कथा सांगायला उभा राहतो. समोरचे हसले की थांबतो, कंटाळले की एखादा परिच्छेद गिळतो, दुसऱ्या गावी तीच कथा वेगळी सांगतो. पन्नास प्रयोगांत कथेला आपोआप पॉलिश बसतं. कीर्तनातलं आख्यान असंच तयार होतं, बुवांना कुणी संहिता देत नाही. तुमच्या स्पर्धेतली कथा मात्र जन्मात एकदाच मोठ्यानं वाचली जाते, तीही परक्या माणसाकडून. म्हणजे पहिला प्रयोग तोच शेवटचा. मग तालीम लेखकानं घरीच करायला नको का? तुम्ही ती कथा पाठवण्यापूर्वी एकदा तरी मोठ्यानं वाचली होती का? रागावू नका, विचारतोय.

कातरवेळ · ४ मार्च, ०९:३०

नाही काका. मनात वाचली होती. पुष्कळदा.

बोरूबहाद्दर · ४ मार्च, ११:०५

मी दोन स्पर्धांचा परीक्षक होतो. एका स्पर्धेला दीडशेच्या आसपास कथा आल्या. नावं झाकलेली, फक्त क्रमांक. पाच-सहा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आणि युनिकोडमध्ये बदलताना सगळे रफार उडालेले, 'गर्दी'ची 'गदी' झालेली. त्याही वाचल्या.

तिथं जे पाहिलं ते सांगतो. आम्ही डोळ्यांनी वाचून पहिला नंबर दिला ती कथा सभागृहात आडवी झाली. कथा उत्तमच होती, आजही तिलाच देईन. पण तिच्यात तीन काळ एकमेकांत विणलेले होते आणि मध्ये फक्त तीन चांदण्या. चांदण्या ऐकू येत नाहीत. सुमन आणि सुमती अशा दोन बहिणी होत्या, दहाव्या मिनिटाला कोण कुठली हे कुणाला सांगता येईना. संवाद छान तुटक, 'ती म्हणाली', 'तो म्हणाला' काही नाही. कागदावर झकास, कानाला कोडं. तिसरी आलेली कथा साधी, सरळ रेषेतली. तिला लोक उभं राहून टाळ्या देत होते आणि पहिल्या नंबरची लेखिका खाली बघत होती. त्या दिवशी त्या बाईंना बक्षीस देऊन आम्ही शिक्षाच केली.

म्हणून परीक्षक काय मोजतायत ते आधी ठरवा. कागदावरची कथा मोजत असाल तर वाचन हा निव्वळ समारंभ आहे, त्यात एखादा उतारा वाचा आणि पुस्तिका वाटा. वाचनासाठीची कथा हवी असेल तर अंतिम फेरीतल्या दहा कथा परीक्षकांनी खोलीत बसून कानांनी ऐकाव्यात. दोन्ही एकदम करायला गेलात तर अशी गफलत होणारच.

'लेखकानंच वाचलं पाहिजे' असा नियम मात्र करू नका. जी. ए. कुलकर्णी सभा-समारंभांपासून आयुष्यभर लांब राहिले. असल्या नियमानं त्या जातीचा माणूस प्रवेशिकाच पाठवणार नाही.

जाता जाता, 'उघडा शेवट' म्हणणाऱ्या परीक्षकांबद्दल मौन पाळतो. आम्ही माणसंच आहोत.

खारीबिस्किट · ४ मार्च, ११:२०

सुमन-सुमतीला +१. ऑडिओबुक ऐकताना माझं नेहमी असंच होतं, पोळ्या लाटता लाटता मागे जाऊन ऐकावं लागतं आणि फोनला पीठ लागतं.

वऱ्हाडचा पाहुणा · ४ मार्च, १३:४४

माझं दुःख वेगळं आहे. माझ्या कथेले एका स्पर्धेत उत्तेजनार्थ भेटलं होतं. निवेदन प्रमाण मराठीत, संवाद आमच्या वऱ्हाडीत. बाप मेल्यावर पोरगा मायले इचारते, "मले काहून नाही सांगतलं?" एवढंच वाक्य. वाचणारे साहेब पुण्याचे. त्यायनं टीव्हीवरचं वऱ्हाडी काढलं, 'मले' असं लांबवून, नाकातून, हेल काढून. आख्खं सभागृह हसलं.

तो हसा माझ्या कानातून अजून गेला नाही. लोकायचा दोष नाही, त्यायले वऱ्हाडी म्हणजे विनोद एवढंच माहीत आहे. कथेतली बोली वाचणाऱ्याले येत नसन तर त्यानं ती सरळ, सपाट वाचावी. नक्कल करू नये. नाहीतर मले बोलवा, मी रेल्वेनं स्वखर्चानं येतो आन् तेवढे संवाद वाचून जातो.

मधुमालती · ४ मार्च, १४:०२

अनुमोदन. मालवणीचं हेच होतं. 'खंय' म्हटलं की लोक आधीच हसायला बसतात, पुढं कोण मेलंय ते नंतर कळतं.

तिसरी घंटा · ४ मार्च, १४:३०

पाहुणे, शंभर टक्के मान्य. 'सपाट वाचा' हा सल्ला नटाच्या गळी उतरवणं अवघड आहे एवढंच सांगतो. आम्हाला वाटतं, पैसे हेल काढायचेच मिळाले. (पैसे कुठले, शाल.) दोन आवाजांत वाचा, निवेदन एक आणि संवाद दुसरा. दुसरा त्या मुलखातला असला की काम झालं.

टेम्सकाठी · ४ मार्च, १९:१५

लंडनहून. इथं 'लायर्स लीग' नावाचा एक मासिक कार्यक्रम २००७ पासून चालतो, त्याला दोन-चारदा गेलोय. पबमध्येच असतो. दर महिन्याला एक विषय, लोक कथा पाठवतात, निवडलेल्या कथा नट वाचतात. लेखकानं फक्त लिहायचं आणि खाली बसून ऐकायचं. दोन हजार शब्दांच्या वर कथा घेत नाहीत. ती मर्यादा का आहे हे तिथं बसल्यावर कळतं. अडीच हजाराच्या आसपास माणसाला आपल्या ग्लासात काय उरलंय हे आठवायला लागतं.

न्यूयॉर्कला सिम्फनी स्पेस या नाट्यगृहात 'सिलेक्टेड शॉर्ट्स' १९८५ पासून आहे, नामवंत नट रंगमंचावर कथा वाचतात. त्यांच्या स्पर्धेत साडेसातशे शब्दांची मर्यादा आणि विजेती कथा रंगमंचावर नटाकडून वाचली जाते. उलट बीबीसीची राष्ट्रीय कथास्पर्धा बघा, पहिलं बक्षीस १५ हजार पौंड, आठ हजार शब्दांपर्यंत मुभा, आणि अंतिम पाच कथा रेडिओवर. तिथं श्रोता घरी असतो, उठून चहा टाकू शकतो. सभागृहात तुम्ही त्याला खुर्चीला बांधलेलं असतं. म्हणून शब्दमर्यादा खुर्ची बघून ठरवा.

अजून एक. लेखकानं स्वतः वाचण्याबद्दल जुनी चाळ म्हणतात तसा इथला मोठा माणूस म्हणजे कादंबरीकार डिकन्स. १८५८ पासून तो तिकीट लावून वाचत असे, शेवटचं वाचन लंडनमध्ये १५ मार्च १८७० ला, त्याच जूनमध्ये गेला. पण तो छापील पुस्तक जसंच्या तसं वाचत नसे. वाचनासाठी वेगळ्या प्रती केल्या होत्या. स्वतःच्याच मजकुरावर काट मारलेली, समासात हातवाऱ्यांच्या खुणा. छापलेलं वेगळं आणि म्हणायचं वेगळं, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं. कातरवेळ, तुमच्या बाबतीत ही काटछाट छपाई मशीननं केली एवढाच फरक.

नैमित्तिक · ४ मार्च, २०:४८

आकाशवाणीवर काही वर्षं नैमित्तिक उद्घोषक होते, म्हणून वेळेचा हिशोब मी देते. नीट, न धावता वाचलं तर माझा वेग मिनिटाला ११० ते १२० मराठी शब्द. म्हणजे अडीच हजार शब्दांना २१ ते २३ मिनिटं. तीन कथा झाल्या की तास उलटला, त्यात प्रास्ताविक, सत्कार, दीपप्रज्वलन आणि 'दोन शब्द' बोलायला आलेले अध्यक्ष. कातरवेळच्या कार्यक्रमात शेवटी पान राहिलं नसतं तरी कुणीतरी घड्याळ दाखवलंच असतं.

इंग्रजी कार्यक्रमांचे शब्द मोजून आपली मर्यादा ठरवू नका. 'घरातल्यांनासुद्धा' हा आपल्याकडे एक शब्द, इंग्रजीत निदान चार. शब्दसंख्या तीच असली तरी मराठी कथा तोंडात जास्त वेळ राहते. माझ्या मते १५०० शब्द पुरे.

आणि मंडळी, शेवट ऐकू आला पाहिजे. कागदावर खाली कोरी जागा दिसते, डोळ्याला आधीच कळतं की आता संपतंय, तो सावरून बसतो. कानाला ही सोय नाही. म्हणून रेडिओवर शेवटच्या दोन ओळींना वेग उतरवायला शिकवतात. तुमच्या नटानं ज्या वाक्यावर पान संपलं तिथं श्वास घेतला, लोकांना तो शेवटचा उतार वाटला. कौतुक त्या थांबण्याचं झालंय. त्या जागी पानाच्या तळाशी 'अण्णांनी चष्मा पुसला' असतं तरी टाळ्या पडल्या असत्या.

कातरवेळ · ४ मार्च, २१:३०

नैमित्तिक, तुमचा प्रतिसाद वाचून बरंही वाटलं आणि थोडं वाईटही. म्हणजे तो शेवट चांगला म्हणून चालला असं नाही?

नैमित्तिक · ४ मार्च, २१:४१

चांगला असेलही. टाळ्यांवरून ठरवू नका एवढंच.

पक्षकार · ५ मार्च, १०:२०

वकिली करतो, म्हणून थोडं रुक्ष. जाहीर वाचनाचा हक्क मुळात लेखकाचा असतो. स्पर्धांच्या नियमावलीत सहाव्या-सातव्या क्रमांकावर एक वाक्य हळूच बसलेलं असतं, 'प्रवेशिकेचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील'. ते वाचल्याशिवाय सही करू नका, आणि आयोजक असाल तर ते लिहू नका. हवंय तेवढंच मागा : एकदा जाहीर वाचन, ध्वनिमुद्रण करणार असाल तर ते कुठं आणि किती काळ ठेवणार, आणि संक्षेप केला तर लेखकाला दाखवून.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यावरही लेखकाकडे दोन गोष्टी उरतात. कृती माझी आहे हे सांगण्याचा अधिकार, आणि तिची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला बाधा आली तर हरकत घेण्याचा. कातरवेळ यांच्या बाबतीत मोडतोड झाली पण प्रतिष्ठा वाढली, त्यामुळे दावा टिकणार नाही. हलके घ्या.

शाईचे डाग · ५ मार्च, १२:१२

एका छोट्या दिवाळी अंकाचं संपादनाचं काम बघतो (तुम्हाला भेटलेला मी नव्हे). तुमचा खरा घोळ शेवटाचा नाही, चित्रफितीचा आहे. त्या समारंभाचं फेसबुकवर थेट प्रक्षेपण झालं का? झालं असेल आणि अजून तिथं असेल, तर बरेच संपादक कथा 'पूर्वप्रकाशित' धरतात. दिवाळी अंकाची परंपरा १९०९ च्या 'मनोरंजन'पासूनची आणि फेसबुक लाइव्ह कालचं, दोघांचे नियम अजून जुळलेले नाहीत. मी स्वतः वाचनाला प्रकाशन मानत नाही, पण मानणारे आहेत आणि ते फोनवर सांगत नाहीत, नुसती कथा घेत नाहीत. आधीच सांगून टाका.

शेवटाबद्दल माझं मत : वाचलेला. सात ओळी समजावून सांगणाऱ्या वाटतात.

जुनी चाळ · ५ मार्च, १२:४०

असहमत. सात ओळी न वाचताच 'समजावून सांगणाऱ्या' कशा वाटल्या बुवा? हल्लीच्या संपादकांना प्रत्येक कथेचं शेपूट कापायची खोड लागलीय. जिथं लेखकाला काही सांगायचं असतं नेमकं तिथं 'इथं थांबा' म्हणायचं.

शाईचे डाग · ५ मार्च, १२:५१

काका, कारण पन्नासपैकी चाळीस कथांना ते शेपूट असतं. उरलेल्या दहांबद्दल माफी.

फुलपुडी · ५ मार्च, १३:३०

आता चॅटजीपीटीला सांगितलं की तीन शेवट देतं, त्यातला एक निवडा. निम्म्या स्पर्धा तशाच जिंकल्या जातायत.

संपादक मंडळ · ५ मार्च, १३:५२

त्या विषयावर दोन धागे चालू आहेत, तिकडे जावं. या धाग्याचं काश्मीर करू नये, म्हणजे न संपणारा वाद इथं आणू नये.

उजनीकाठ · ५ मार्च, २२:०५

मूळ गाव इंदापूर तालुक्यात, म्हणून राहवेना. ताई, उजनीत गेलेली आमच्याकडची गावं नावासकट वर उठली. पळसदेव घ्या. जुनं पाण्यात, उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं देऊळ उघडं पडतं आणि लोक फोटो काढायला येतात. पण नवं पळसदेव पुणे-सोलापूर रस्त्यावर आहे, दुकानं आहेत, शाळा आहे. तुमच्या अण्णांनी पळसदेव म्हटलं तर कंडक्टर गोंधळणार कशाला? बटण दाबून तिकीट देईल.

शिवाय अण्णा ७८ वर्षांचे. ऑगस्ट २०२२ पासून ७५ च्या वरच्यांना एसटी मोफत आहे. कंडक्टर आधी आधार कार्ड मागेल, शून्य रुपयांचं तिकीट फाडेल आणि पुढं जाईल.

खारीबिस्किट · ५ मार्च, २२:११

😂😂 गेल्या सात ओळी.

कातरवेळ · ५ मार्च, २३:४०

उजनीकाठ, तासभर हातावर हात ठेवून बसले. माझे सासरे पलीकडचे, करमाळ्याचे. त्यांच्या तोंडून 'गाव पाण्यात गेलं' एवढंच ऐकत आले आणि मी धरून चालले की नावही गेलं. गावाचं नाव मी कथेत दिलंच नव्हतं, नुसतं 'गावाचं नाव सांगितलं' असं लिहिलं होतं. म्हणजे चूक लपून राहिली असती. तीन परीक्षकांनाही दिसली नाही.

उजनीकाठ · ६ मार्च, ०६:५०

चूक म्हणू नका. उलट बघा. आमचे आजोबा शेवटपर्यंत नव्या गावाला 'वरचं' म्हणायचे. 'गाव' म्हणजे खालचंच. कंडक्टरनं बिनबोभाट तिकीट दिलं, तेही फुकट, आणि ते गाव अण्णांचं नव्हेच. मला तर हे जास्त लागतं.

तिसरी घंटा · ६ मार्च, ०९:०२

आई शप्पथ.

बोरूबहाद्दर · ६ मार्च, ०९:२५

कातरवेळ, आता चौथा माणूस पाचवा शेवट सुचवायच्या आत धागा बंद करून लिहायला बसा.

कातरवेळ · ६ मार्च, १०:१५

बसते. माझी कथा समितीनं लिहायची नाही, हेही नियमांत घालते.

कातरवेळ · २९ मार्च, १८:२०

धागा वर काढतेय, दोन गोष्टी सांगायच्या होत्या.

वाचनालयाच्या स्पर्धेचे नियम ठरले. मर्यादा १५०० शब्द. अंतिम दहा कथा परीक्षक ऐकणार, नुसत्या वाचणार नाहीत. विजेत्याला पर्याय : स्वतः वाचा, किंवा आम्ही वाचक देऊ. वाचक दिला तर आठ दिवस आधी लेखक आणि वाचक यांची एक तालीम, बोलीतले संवाद लेखक सांगेल त्या माणसाकडून. वाचनासाठी वेगळी प्रत लेखकानंच करून द्यायची, हवी तर काट मारून. आम्ही शब्दाला हात लावणार नाही. हक्क लेखकाचे. चित्रफीत लेखकानं हो म्हटलं तरच. संगीत नाही. मानधनावर दोन सभा झाल्या, शेवटी शालीचे पैसे मानधनात वळते केले, त्यावर एक ज्येष्ठ सभासद अजून नाराज आहेत. कागद एकाच बाजूला छापायला खजिनदारांचा विरोध होता, त्यांना हा धागा वाचायला दिला.

दुसरी गोष्ट. व्यवस्था तपासायला परवा संध्याकाळी वाचनालयाच्या सभागृहात माईक लावून बघितला. वाचायला दुसरं काही नव्हतं म्हणून माझीच कथा वाचली, नव्या शेवटाची. ऐकायला फक्त ग्रंथपाल बाई, शेवटच्या रांगेत, त्याही कुलूप लावायच्या घाईत. "बाबा, कुठचं देऊ?" शी आले आणि ठरवलं नव्हतं तरी श्वासाला थांबले. बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मी पुढचं पान सरकवलं आणि वाचायला लागले. बाई टाळीसाठी उचललेले हात तसेच धरून उभ्या होत्या. मग खाली बसल्या. वाचून झाल्यावर त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. किल्ली हातात घेऊन म्हणाल्या, "आमचं माहेर कोयनेत गेलं," आणि पंखे बंद करायला गेल्या.

कथा काल अंकाला पाठवली. चित्रफितीचं आधीच सांगितलंय.

खारीबिस्किट · २९ मार्च, १८:४४

पुढील लेखनाला शुभेच्छा! आणि प्रवेशिका कधीपासून घेताय?

उजनीकाठ · २९ मार्च, २१:०३

ते ठीक आहे ताई, पण तिकीट शेवटी कुठचं दिलं?

कातरवेळ · २९ मार्च, २१:१०

दिवाळीत कळेल.